मागचं दार लावून घेणार आहोत

एखादी वस्तू घ्यायची ठरली की मी ती घेत नाही, तिचा अभ्यास करते. कुकर घ्यायचा होता तेव्हा शिट्टी, रबर आणि बूड या विषयांवर मी इतकी माहिती गोळा केली की तेवढ्यात जुना कुकर तीनदा दुरुस्त करून झाला. शेवटी नवऱ्याने कंटाळून दुकानातून येता येता एक उचलून आणला. तोच अजून चालू आहे. त्याचं श्रेय मी नवऱ्याला दिलेलं नाही, त्याच्या नशिबाला दिलेलं आहे.

मी शाळेत मराठी शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट मला फार महागात पडली.

आमचं घर जालन्यात, गावाच्या जरा बाहेर झालेल्या एका कॉलनीत. स्वयंपाकघरामागे एक ओटा, त्याच्या पुढे हातभर अंगण, त्यात एक लिंबाचं झाड आणि धुण्याचा दगड. स्वयंपाकघरातून ओट्यावर जायला जे दार होतं ते ठेकेदाराने घर बांधताना "तात्पुरतं" म्हणून ठोकलं होतं. लोखंडी चौकटीवर पत्रा. ते तात्पुरतं दार आमच्या मुलाची दहावी होऊन गेली तरी तिथेच होतं. खालचा पत्रा गंजून खाल्ला गेला होता आणि त्या भोकातून एक घूस रोज आत येऊ लागली. बटाटे खाल्ले तोवर मी सहन केलं. पण तिने सासूबाईंची एक चप्पल कुरतडली आणि नवीन दाराचा विषय निघाला. "एखादं दार बघून टाक," असं नवरा म्हणाला. मला असं सांगणं म्हणजे काय हे त्याला इतक्या वर्षांनंतर तरी कळायला हवं होतं.

सासूबाई हसनाबादच्या. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं, तर त्या दोनदा परत गेल्या. "तुमच्या इथं मानूस दिसत न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही दोघं त्यांच्यासमोर उभे असायचो तरी. गावाकडच्या घरात त्या एकट्या राहणार, गुडघे धरलेले, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण, या विचाराने नवऱ्याचं जेवण कमी झालं होतं. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा त्या राहिल्या, आणि त्या आमच्यामुळे राहिल्या नाहीत. त्या खालांमुळे राहिल्या.

खाला म्हणजे आमच्या मागच्या घरातल्या. आमच्या दोन घरांमधली कंपाउंडची भिंत एका पावसाळ्यात एका जागी पडली ती कोणीच पुन्हा बांधली नाही. त्या खिंडारातून खाला दुपारची नमाज झाली की यायच्या. आवाज नाही, हाक नाही. सासूबाईंनी मान वर करावी तर खाला ओट्यावर बसलेल्या असायच्या. एकीची मिश्री, दुसरीचं पान. सासूबाई हसनाबादच्या मराठीत बोलायच्या, खाला आपल्या भाषेत उत्तर द्यायच्या, मध्येच दोघी भाषा बदलून घ्यायच्या आणि कोणाचं काही अडायचं नाही. तुरीची डाळ निवडायची, लसूण सोलायचा आणि दोन्ही घरच्या सुनांचा निकाल लावायचा. मी शाळेतून आले की ओट्यावर एकदम शांतता पसरायची. त्यावरून आज माझा नंबर होता हे मला कळायचं. वाईट वाटायचं नाही. सासूबाई रमल्यात याचा तो पुरावा होता, आणि नवरा पोटभर जेवत होता.

तर उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी दाराच्या अभ्यासाला बसले.

आधी लाकूड. माझं माहेर मस्तगडातलं, तिथे सागवानी दार होतं. पावसाळ्यात ते असं फुगायचं की आम्ही सगळी भावंडं खांदा देऊन घरात शिरायचो. उन्हाळ्यात त्याच्या फटीतून रस्त्यावरचा माणूस ओळखू यायचा. शिवाय वाळवी. लाकूड बाद.

मग लोखंड. याबाबतीत आमच्या शाळेतले गणिताचे सर माझ्यावर जवळजवळ चिडले. "जालन्यात राहून लोखंडाचं दार न्हाई? लोकं आपल्या इथली सळई नेऊन नेऊन घरं बांधून राह्यले, अन् मॅडम, तुम्ही प्लॅस्टिकची दारं बघून राह्यल्या?" गावाची अब्रू माझ्या मागच्या दारावर टांगलेली आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. पण आमचा ओटा पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्र्याच्या दाराला हात लावून बघितला आणि लोखंडही बाद केलं. हाताला फोड आला तो मी सरांना दाखवला. ते म्हणाले, "आतून लावायचा ना रंग." काय संबंध ते त्यांनाच ठाऊक.

अॅल्युमिनियमचं सरकतं दार भूगोलाच्या बाईंकडे होतं. ते बघायला मी मुद्दाम गेले. सरकताना त्याची खालची चाकं रुळावरून उतरत होती आणि बाई दर वेळी त्याला पायाने ढकलत "बराबर हाय, बिलकुल बराबर हाय" म्हणत होत्या. मला त्यांचा फार आदर वाटला, पण दार बाद केलं. फायबरचं दार बघितलं की पाय आपोआप बाथरूमकडे वळतात, म्हणून तेही बाद. उरलं यूपीव्हीसी. पांढरी चौकट, जाड काच, दोन सरकते पल्ले. न गंजणारं, न फुगणारं, वाळवी तोंड न लावणारं. त्यातल्या "यू"चा अर्थ दुकानदाराला माहीत नव्हता. मी त्याला सांगितला. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून "हां साहेब, बोला" म्हटलं. पण माझं समाधान झालं होतं.

एवढ्या सगळ्यात मी सासूबाईंना एकदाच विचारलं, तेही ठरवून झाल्यावर. "आत्याबाई, दार कशाचं करायचं?"

"कशाचं दार अन् कशाचं काय," त्या म्हणाल्या. "उघडं असलं म्हंजी झालं."

यांना यातलं काही कळत नाही असं वाटून मी हसले.

दुकानदार रोज फोनवर म्हणायचा, "मॅडम, या आठवड्यात लावून देतो. लावून टाकू एकदाचं." पंधरा दिवस हे ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं. एका सकाळी मी ओट्यावर धुणं वाळत घालत होते. भिंतीपलीकडे खालाही धुणं घालत होत्या. माझ्या पोटात ती आनंदाची बातमी मावेना. मी चिमटा तोंडातून काढून म्हणाले, "खाला, आम्ही आता मागचं दार लावूनच घेणार आहोत. लई दिवस झाले. उघडं राह्यलं की कुणीबी आत घुसतं."

घुशीचं नाव घ्यायचं राहून गेलं. माझ्या मनात ती घूसच होती. मी तिची ती शेपटी डोळ्यांसमोर आणूनच बोलत होते.

खालांच्या हातात एक ओली ओढणी होती. ती त्यांनी झटकली, दोरीवर टाकली आणि म्हणाल्या, "अच्छा. अच्छा किया बेटा." आणि आत गेल्या. त्यांच्या बादलीत अजून कपडे होते. त्यांच्या घरी फोन वाजला असेल असं मी धरून चालले.

त्या दुपारी खाला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई डाळीचं ताट घेऊन बसून राहिल्या. गुडघे दुखत असतील, मी म्हणाले. ऊन फार आहे, मी म्हणाले. लेकीकडे गेल्या असतील. खाला तर खिडकीतून दिसत होत्या, तरीही मी तेच म्हणाले. सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी केली आणि वाटी माझ्या हाती दिली. मी ती खिंडारापाशी त्यांच्या सुनेला दिली. संध्याकाळी वाटी परत आली, धुतलेली आणि रिकामी नाही, दोन गुलगुले घातलेले. पण ती आली समोरच्या दाराने. त्यांच्या सुनेने कॉलनीला वळसा घातला, आमच्या फाटकातून आली, बेल वाजवली, वाटी दिली आणि गेली. मी सासूबाईंना म्हणाले, "बघा, किती रीतसर लोक आहेत!"

सासूबाईंनी गुलगुला खाल्ला नाही. वाटी मांडीवर घेऊन त्या बराच वेळ बसल्या होत्या.

त्यातच दार आलं. दोन माणसांनी दिवसभर खपून ते बसवलं. मी दोन्ही पल्ले सरकवून बघितले, लोण्यासारखे सरकत होते. आवाज नाही, धूळ नाही, घूस नाही. धूळ नाही हे तीन दिवस टिकलं. मग रुळात इतकी माती बसली की मी जुन्या टूथब्रशने ती काढू लागले. आणि काच! आमच्या गावात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. प्यायचं पाणी पिंपात मोजून ठेवणाऱ्या घरात मी भिंतीएवढी काच बसवून घेतली होती. ती पुसायला मी भाजी धुतलेलं पाणी वापरू लागले. त्यामुळे काचेवर कोथिंबिरीची पानं चिकटायची. नवरा म्हणाला, "डिझाइन छान आहे."

सासूबाई काचेच्या आत खुर्ची टाकून बसायच्या आणि समोरच्या खिंडाराकडे बघायच्या. "कसं वाटतंय, आत्याबाई?" मी विचारलं.

"बरणीत घातल्यावानी," त्या म्हणाल्या. मग काही वेळाने, "मला हसनाबादच्या गाडीत बसवून दे. लई दिवस राह्यले. आता बास झालं."

नवऱ्याने ते ऐकलं आणि ताटावरून उठला. आणि या प्रसंगी मी काय केलं ते लिहायला मला आजही लाज वाटते, पण लिहिते. मी काचेला दोष दिला. खाला पडद्यातल्या बाई, आरपार काचेसमोर बसायला त्यांना अवघड वाटत असणार, असा शोध मी लावला. मग काचेवर चिकटवायची दुधी फिल्म आणली. ती चिकटवताना तिच्यात बुडबुडे राहिले. मग पडदा लावला. त्यानेही काही झालं नाही तेव्हा मी दुकानदाराला फोन करून विचारलं, "काच काढून तिथं लाकडी फळी बसवता येईल का हो?" माणूस हरवला होता आणि मी त्याला शोधायला दार बदलत होते.

सासूबाईंची पिशवी भरून झाली. रविवारी निघायचं ठरलं. शनिवारी दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. डास सुटले होते. नवऱ्याने पुढच्या खोलीतून ओरडून विचारलं, "अगं, मागचं दार लावलं का?"

"लावलं की," मी म्हणाले. "दहा दिवस झाले."

"अगं ते न्हाई! बंद केलं का म्हणतो! डास शिरून राह्यले!"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी जळाली ती मला वासाने कळली. मी सहावीच्या वर्गाला दर वर्षी शिकवते. दिवा लावणे, झाड लावणे, लळा लावणे, दार लावणे. मुलांनो, एकच क्रियापद, अर्थ किती वेगळे बघा. मुलं वहीत उतरून घेतात. मी स्वतः कधी उतरून घेतलं नव्हतं. आम्ही मागचं दार लावूनच घेणार आहोत. उघडं राह्यलं की कुणीबी आत घुसतं. वाक्य शब्दन् शब्द माझ्या कानात परत आलं, माझ्याच आवाजात, आणि या वेळी ते मी खालांच्या अंगणात उभी राहून ऐकलं.

मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच सासूबाईंसमोर जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं आता चार शब्द ऐकावे लागणार, आणि ते ऐकायची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "हात धू अन् चल." पिशवीवर उद्या गावाला जाताना नेसायचं म्हणून काढून ठेवलेलं लुगडं होतं, तेच त्या नेसल्या.

आम्ही खिंडारातून गेलो. खाला पलंगावर बसल्या होत्या. उठल्या, "आओ आओ" म्हणाल्या, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा कपबशीत आला, ट्रेमध्ये, बिस्किटांसकट. आजवर आमच्यात स्टीलच्या पेल्यातला अर्धा अर्धा चहा चालायचा. त्या कपबशीने मला जितकं लागलं तितकं शिव्यांनी लागलं नसतं.

मी बोलायला सुरुवात केली. माझी हिंदी अशी की ऐकणाऱ्याने दया करावी. "खाला, वो लावना मतलब बंद करना नहीं, लावना मतलब बसवना. फिट करना. और कुणीबी घुसतं मतलब घूस. चूहा. बडा चूहा. आपको नहीं बोली मैं. घूस को बोली." हातांनी मी घुशीची लांबी दाखवली. सून तोंडाला ओढणी लावून आत पळाली. खालांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि मला आता सगळं मिटलं असं वाटून मीही हसायला लागले.

सासूबाई हसत नव्हत्या.

"मंग तू इचारायचं न्हाई का गं?" त्या खालांना म्हणाल्या. "इतके दिवस झाले. मी रोज वाट बघून राह्यले. यायचं, भांडायचं, पोरीला दोन शिव्या घालायच्या. तुला खरं वाटलंच कसं?"

खालांनी बशी खाली ठेवली.

"खरंच वाटलं, बाई," त्या म्हणाल्या. "मैं बहू कू बोली, चलो, इनका बी टैम आ गया. इत्ते साल नै बोले, वोइच बहोत. आजकल सबीच बोल रै."

मग सासूबाईच पुन्हा म्हणाल्या, आता हळू, "तरी पन. इचारायचं तर होतं."

"डर लगा," खाला म्हणाल्या. "पूछती, और तुम हौ बोलते तो?"

मला तोवर वाटत होतं की चूक एका क्रियापदाची आहे, आणि क्रियापद मला दुरुस्त करता येतं. पण ते वाक्य खालांनी पहिल्या झटक्यात खरं मानलं होतं, धुणं बादलीत टाकून आत जाण्याइतकं. ते कधीतरी कोणीतरी म्हणणार याची त्यांनी मनाशी तयारी केलेली होती, आमच्या ओट्यावर बसून लसूण सोलत असतानासुद्धा. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. खालाच माझ्या पाठीवरून हात फिरवत "चूहे कू बोली, चूहे कू बोली" असं म्हणत राहिल्या.

सासूबाई हसनाबादला गेल्या नाहीत. नवरा दोन वेळा वाढून घेतो. दुधी फिल्म मी खरवडून काढली, तिचे अर्धे तुकडे अजून काचेवर आहेत. दार दिवसभर सताड उघडं असतं, त्यामुळे ते कशाचं आहे हे कोणाला दिसतही नाही. गणिताच्या सरांना ते मी अजून दाखवलेलं नाही. घुशीचं मात्र पुन्हा येणंजाणं सुरू झालं आहे, दारातून, हक्काने.

खालाही रोज येतात. दुपारची नमाज झाली की येतात, पानाचा डबा घेऊन येतात, माझ्याबद्दल बोलतात. फक्त आता खिंडारापाशी थांबतात, भिंतीला धरून, आणि तिथून विचारतात, "बाई, आऊँ क्या?"

"ये की गं," सासूबाई रोज ओरडतात. "रोज रोज काय इचारती!"

त्या येतात. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.